जुनी २०७ पिकअप देऊन दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यावी का? (शिव्या घातल्या तरी चालतील)

पोफळीवाला
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्याकडे टाटा २०७ डीआय पिकअप आहे, २००७चं मॉडेल. आधी बाबांचा इथे गोव्यातल्या खाणीवर टिपर (खनिज वाहणारा ट्रक) होता. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा तो दारात उभा राहिला तो राहिलाच, टायरांखाली गवत वाढलं, बाबा रोज सकाळी जाऊन नुसतं स्टार्ट करून बघायचे आणि परत यायचे. शेवटी मिळेल त्या भावात दिला आणि त्यातून ही सेकंडहँड पिकअप आली. तेव्हापासून चिरे, शेणखत, नारळ, सुपारी, आमच्या सावई गावचे अननस, मंडपाचे खांब, एकदा तर नवऱ्यामुलाकडची अख्खी जेवणाची भांडी, असं सगळं तिने वाहिलं. एकदा इंजिन काम आणि दोनदा क्लच प्लेट, बाकी खर्च म्हणाल तर टायर नि ऑइल. किलोमीटरचा काटा कधीचा बंद आहे त्यामुळे किती चालली ते शांतादुर्गेलाच ठाऊक.

तर झालं असं की गेल्या महिन्यात दिवाडी बेटावर चिऱ्यांची खेप घेऊन गेलो. दिल्लीचे एक गृहस्थ आहेत, जुनं घर घेऊन दुरुस्त करतायत. अंगणात आंब्याखाली ताडपत्री घातलेली गाडी. त्यांनी ताडपत्री काढली आणि मी चिरे उतरवायचेच विसरलो. जर्मन, दोन सीट, निळी, बटण दाबलं की टप आपोआप घडी होऊन डिक्कीत जातो. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. २०११चं मॉडेल, पेट्रोल, ३८,००० किमी, दिल्ली पासिंग. ते म्हणाले मला ह्या बेटावर तुझ्या गाडीसारखी गाडी पाहिजे, तुझी पिकअप दे आणि वर साडेपाच लाख दे, ही घेऊन जा.

तीन आठवडे झोप नाही. वय ४१, आयुष्यात स्वतःच्या मजेसाठी म्हणून घेतलेली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे एक गिटार, तीही आता भाचीकडे आहे. बोला.

गाडीवेडा_म्हापसा
घे. पुढचा प्रश्न?

डिचोली_टिपर
पात्रांव, पहिलं वाक्य वाचून पोटात कालवलं. आमचे दोन होते. २०१८ला सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली तेव्हा दुसराही गेला. गवताचं लिहिलंस ना, तस्संच. आमच्या हौद्यात तर पावसाचं पाणी साचून बेडूक झाले होते.

असो. माझं मत, चालती गाडी देऊ नये. २०७ला काय आहे, डिझेल पंप मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स नावाला नाही, सेल्फ गेला तर उतारावर लावायची. कुठल्याही गावातला मिस्त्री झाडाखाली खोलतो आणि संध्याकाळी जोडून देतो. त्या निळ्या बाईसाहेबांना काही झालं तर आधी लॅपटॉप लावावा लागणार.

मांडवीकाठ
धागाकर्ते, एक विचारू का? ते गृहस्थ एवढी सुंदर गाडी ताडपत्रीखाली ठेवून का विकतायत ह्याचा विचार केलात का?

दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याहून जा, रायबंदरहून जा नाहीतर नार्वेहून, फेरीच. आणि ओहोटीच्या वेळी फेरी धक्क्याला लागते तेव्हा रॅम्प आणि धक्का ह्यांच्यामध्ये कसा कोन होतो ते तुम्ही चिऱ्यांची गाडी घेऊन गेलात म्हणजे पाहिलंच असणार. तुमच्या २०७ला तो कळतसुद्धा नाही. जमिनीपासून पाच इंचावर पोट असलेल्या गाडीला तिथे काय होतं ते मी रोज कामावर जाताना बघते. भाड्याने घेतलेल्या मोठमोठ्या गाड्यांचे पुढचे बंपर तिथे लोंबकळतात. त्यांना गाडी नको असं नाही हो, त्यांना भरतीचं टाइमटेबल नको झालंय.

पोफळीवाला
@मांडवीकाठ, अरे देवा. हे डोक्यातच आलं नाही. मी विचारलं होतं का विकताय म्हणून, ते म्हणाले "लाइफस्टाइल चेंज".

गाडीवेडा_म्हापसा
पण धागाकर्ता दिवाडीला राहत नाही ना, सावईला राहतो. एकदा भरतीला बाहेर काढली की संपलं. उलट ही तर भाव पाडायला पकड झाली.

मिस्त्री७७
मी गॅरेजवाला आहे, बत्तीस वर्षं ह्याच धंद्यात. दोन गोष्टी सांगतो मग काय करायचं ते करा.

१४ वर्षांत ३८,००० ऐकून लोक खूश होतात, मला घाम फुटतो. गाडी चालून कमी झिजते आणि उभी राहून जास्त. रबराचे होज, बुश, सील, कूलंटच्या टाकीचं नि पाइपांचं प्लास्टिक, हे किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. पहिल्यांदा टायर बघा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, समजा २३१६ असेल तर २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसेल पण रबर दगड झालेलं असेल. ह्या जातीच्या बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं चालणारे) असतात आणि स्टेपनी नसतेच, चोर्ल्याच्या घाटात टायर फाटला तर हात वर करून उभं राहायचं.

दुसरं टप. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी कुठे उभी आहे म्हणालात? आंब्याखाली. पानं कुजून त्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं, काही मॉडेलना टप उचलणाऱ्या पंपाची मोटर नेमकी तिथेच खाली खोबणीत बसवलीय, ती बुडते. आणि बुडलेली मोटर टप अर्धा उघडा असताना बंद पडते, हे मी तीनदा पाहिलंय, तिन्ही वेळेला जुलैत. सीटच्या मागचं कार्पेट उचलून हाताने दाबून बघा, ओलसर लागलं की नमस्कार करून परत या.

शिवोलीची_सून
मिस्त्री मामा तुमचा प्रतिसाद मी छापून आमच्या ह्यांच्या उशीखाली ठेवणार आहे 😄 त्यांनाही सध्या हेच वेड लागलंय.

धागाकर्ते, घरी विचारलंत का? दोन सीट म्हणजे तुम्ही आणि ती. मुलं कुठे बसणार? चवथीला माहेरी जाताना माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आरासीचं) सामान, करंज्यांचे डबे, मुलं, सासूबाई, हे सगळं कशात?

पोफळीवाला
@शिवोलीची_सून, विचारलं. ती म्हणाली "घ्या, पण मग मला बाजारातून आणायला स्कूटर नवी पाहिजे". म्हणजे होकार की नकार ते मला अजून कळलेलं नाही. मुलांना आणायला-न्यायला घरात वॅगनआर आहे.

आता खरं कारण सांगतो जे वर लिहिलं नाही. मी अख्ख्या वाड्याची बैलगाडी झालोय. शिगम्याला रोमटामेळाचे ढोल, माझी पिकअप. चवथीला फोंड्याच्या माटोळी बाजारात सात घरांचं सामान, माझी पिकअप. विसर्जनाला, जत्रेला, कुणाचं कपाट हलवायचं, कुणाची म्हैस आजारी, रात्री अडीचला फोन, "रे, गाडी आसा मरे?" डिझेलचे पैसे दहापैकी तिघे देतात, उरलेले म्हणतात चहा घेऊन जा. हौद्याचा फाळका वाकला तो कुणी वाकवला ते आजपर्यंत कुणी कबूल केलं नाही. त्या निळ्या गाडीत मी बसलो तेव्हा मनात पहिला विचार स्पीडचा नव्हता. पहिला विचार हा होता की ह्यात कुणी शेणखत टाकायला सांगू शकत नाही.

डिचोली_टिपर
😂😂 हे म्हणजे लग्नाला जायचं टाळायला पाय मोडून घेण्यासारखं झालं.

सुपारी_कातरणारा
साडेपाच लाख देऊन "नाही" म्हणायचं असेल तर फुकटात शिकवतो. आमच्या वाड्यावर मी फळ्यावर रेट लिहून ठेवलाय. डिझेल तुमचं, वर ड्रायव्हरचा चहा नाही, ड्रायव्हरचे पैसे. पहिले दोन महिने लोक तोंड फिरवून गेले, आता व्यवस्थित देतात.

पोफळीवाला
@सुपारी_कातरणारा, मेव्हण्याला रेट कसा सांगणार?

सुपारी_कातरणारा
मेव्हण्याला डबल.

कागदपत्र
मजा चालू द्या, पण कुणीच मूळ मुद्द्यावर येत नाहीये म्हणून जरा कोरडं लिहितो.

दिल्ली पासिंग गाडी स्वस्त का मिळते ते आधी समजून घ्या. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचं बंधन आलं, आधी २०१५ला एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश आणि २०१८ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. पुढे त्यात फेरबदल होत राहिले पण तिथला बाजार कायमचा घाबरला. त्यामुळे चांगल्या चांगल्या गाड्या वय झालं म्हणून दक्षिणेकडे येतात. २०११ची पेट्रोल म्हणजे वय भरतच आलंय, विकणाऱ्याला घाई आहे ती फक्त फेरीमुळे नाही.

तुम्हाला लागणार काय, तर दिल्लीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. मग विक्रीचे २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो, म्हणजे इथला रोड टॅक्स भरा आणि तिकडचा परत मागत बसा, मिळाला तर नशीब. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू, आणि त्याची फी २०२२च्या एप्रिलपासून देशी गाडीला ६००वरून ५,००० झालीय, आयात केलेल्या गाडीला त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे तुम्ही गाडी घरी आणून पूजा करेपर्यंत तिच्या रिन्यूअलचा खर्च दारात.

सगळ्यात महत्त्वाचं, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते ऑनलाइन बघा. कर्ज फिटलेलं असतं पण बोजा उतरवलेला नसतो, हे दहात चार वेळा. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो आणि तो मालकानेच करायचा, तुम्ही नाही.

आणि तुमच्या बाजूने. पिकअप पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची गाडी म्हणून नोंदलेली असणार. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस पासिंग. ते गृहस्थ हे करणार आहेत का विचारा. नाव बदलून होईपर्यंत आरसीवर तुम्ही आहात, आणि २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावरच येते, गाडी हातात कुणाच्याही असो. दिवाडीला कुणीतरी ब्रेक न लागून कुंपण तोडेल आणि नोटीस सावईला येईल.

गाडीवेडा_म्हापसा
@कागदपत्र, तुमच्यासारखे लोक नसते तर मी आत्तापर्यंत तीनदा कंगाल झालो असतो, धन्यवाद. पण तरीही सांगतो, घ्या. माझ्याकडे २०१५ची फियाटची अबार्थ पुंटो आहे, १४५ हॉर्सपॉवर, घरचे म्हणतात ही तर साधी पुंटोच दिसते, दिसू दे. पहाटे साडेपाचला नवीन झुआरी पुलावर काचा खाली करून एकदा जायचं, बस्स. त्या दहा मिनिटांसाठी मी महिनाभर ऑफिसला जातो. माणसाला एक तरी बिनकामाची वस्तू असू दे.

पुण्यातून_पेडणे
सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? नव्वदच्या शेवटी आलेली, फायबर बॉडी, दोन सीट, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. कॉलेजच्या गेटवर एक उभी असायची. तेव्हा ठरवलं होतं नोकरी लागली की हीच. नोकरी लागली तोवर ती गाडीच दिसेनाशी झाली आणि मी वॅगनआर घेतली. अवांतराबद्दल क्षमस्व.

मिस्त्री७७
ती अजून एकाकडे आहे आमच्या भागात. चालवत नाही, पुसतो.

आगोंदची_आजी
मी इथे पाककृती वाचायला येते, चुकून ह्या धाग्यावर आले आणि शेवटपर्यंत वाचलं.

आमच्या घरच्यांनी १९९४ साली जीप विकली, तुझ्यासारखंच, सगळा गाव मागायचा म्हणून. कटकट गेली ते खरं. रात्रीचे फोन बंद झाले, दारात माणसंही कमी झाली. पुढे ह्यांना रात्री छातीत दुखलं तेव्हा आम्हीच दुसऱ्याच्या दारात गाडी मागायला गेलो, त्याने दिली हो, काही बोलला नाही. पण मागताना ह्यांचं तोंड मी पाहिलं. बाळा, मी गाडी विकू नको म्हणत नाही. मागणाऱ्याच्या बाजूने कसं वाटतं ते तुला माहीत नाही एवढंच.

डिचोली_टिपर
🙏

गाडीवेडा_म्हापसा
आजी, तुम्ही धागा संपवलात.

पोफळीवाला
नाही संपवला, अपडेट आहे, जरा मोठं आहे.

काल रविवारी ते गृहस्थ स्वतः गाडी घेऊन सावईला आले. मी आधीच सांगितलं होतं भरती बघून या. ते म्हणाले येस येस, आणि आले ओहोटीला. जुन्या गोव्याच्या धक्क्याला चढताना खालून खर्रर्र झालं म्हणे, त्यांनी सांगितलं नाही, मी खाली वाकून पाहिलं, पुढच्या बंपरच्या पोटाला ताजी पांढरी जखम. त्यांनाही लाज वाटली बिचाऱ्यांना.

मिस्त्री मामांनी सांगितल्याप्रमाणे टायरचे आकडे पाहिले, तीन २०१७चे आणि एक २०१४चा. मागचं कार्पेट दाबलं, कोरडं होतं. टप तीनदा उघडून बंद केला, व्यवस्थित. म्हटलं वा.

मग चालवली. माशेलपर्यंत जाऊन आलो. काय सांगू. स्टिअरिंग हातात धरलं तर वाटतं रस्ता बोटांनी वाचतोय. वळणावर गाडी झुकतच नाही, जिथे नेली तिथे जाते, २०७ला वळवायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो. वर टप उघडा, दोन्हीकडे पोफळी, आणि कुठूनतरी कुणीतरी पाचोळा जाळत होतं त्याचा वास सरळ आत येत होता. पण स्पीडब्रेकर! आमच्या रस्त्यावर किती आहेत हे मला काल कळलं, अकरा. प्रत्येकाला तिरकी घ्यायची, मागचे हॉर्न वाजवणार. शाळेजवळच्या ब्रेकरवर तिरकी घेऊनही टेकलीच. घरी परत आलो तर अंगणात तिला वळवायला जागा पुरेना, वाडीतल्या खड्ड्याच्या कडेने अक्षरशः इंचाइंचाने.

बाबा बाहेर आले. त्यांचं वय ७४, गुडघे गेलेत. म्हणाले बसतो. बसले. बसणं सोपं होतं, बसले म्हणजे पडलेच जवळजवळ. आम्ही घरापासून देवळापर्यंत गेलो आणि आलो, बाबा हसत होते, त्यांना असं हसताना मी टिपर गेल्यापासून पाहिलं नव्हतं हे खोटं बोलत नाही. मग उतरायची वेळ आली. उतरता येईना. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते दिल्लीवाले, दोघांनी काखेत हात घालून ओढलं. बाबा म्हणाले, "ह्यात बसायला एक माणूस पुरे, काढायला दोन लागतात." दिल्लीवाल्यांना मराठी येत नाही, तरी तेही हसले.

आता कागद. @कागदपत्र, तुम्हाला दंडवत. ऑनलाइन बघितलं तर बोजा तसाच. त्यांचं म्हणणं कर्ज २०१६लाच फिटलंय, पत्र दिल्लीच्या घरी आहे, कुठल्या कपाटात ते बायकोला माहीत, बायको परदेशात. म्हणजे पत्र, फॉर्म ३५, मग एनओसी, असं करत दोन-तीन महिने. तोवर पाऊस. पावसात ती आमच्याकडे कुठे ठेवणार? गोठ्याच्या शेडमध्ये पिकअप असते.

मी त्यांना म्हटलं कागद झाले की बोलू. ते म्हणाले तोवर माझी रेती-चिऱ्यांची खेप तूच करशील ना? मी रेट सांगितला, डिझेल वेगळं, फेरीच्या रांगेत थांबण्याचे वेगळे. पहिल्यांदाच तोंडातून निघाला. ते लगेच हो म्हणाले, मला वाटतं कमीच सांगितला.

सुपारी_कातरणारा
कमीच सांगितलास. पण सुरुवात झाली. आता मेव्हणा.

शिवोलीची_सून
आणि स्कूटर?

पोफळीवाला
स्कूटरचं बुकिंग झालं. त्यावर चर्चा नको.

गाडीवेडा_म्हापसा
म्हणजे धाग्याचं फलित काय तर गाडी तीच, घरात स्कूटर नवी, आणि दिल्लीवाल्याला निळी गाडी परत आंब्याखाली. त्यांना सांग आंब्याखालून तरी काढ रे बाबा.

पोफळीवाला
सांगितलं. आता फणसाखाली ठेवलीय.

मिस्त्री७७
फणसाखाली!! एप्रिलमध्ये वर बघितलं होतं का त्यांनी?

पोफळीवाला
😂 फोन करतो.

ता.क. परवा पिकअपचं पासिंग आहे आणि मागच्या डाव्या पाट्याचं बुश गेलंय, वळताना कटकट आवाज येतो. फोंड्यात दोन दुकानं फिरलो, २००७च्या २०७चं नाही म्हणाले. कुठे मिळेल?

डिचोली_टिपर
उसगाव तिस्कला जा, खाणीच्या गाड्यांच्या वेळची जुनी स्पेअर पार्टची दुकानं आहेत. सकाळी लवकर जा, दुपारी बंद असतात. जुनं बुश काढून हातात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगितलंस तर तो ४०७चं देईल आणि तू परत येशील.

आगोंदची_आजी
आणि जाताना गाडी रिकामी नेऊ नको. कुणाला काही आणायचं असेल तर विचार. पैसे घे पण.